जॅकवाल्या भावजींना

भावजी,

परवाच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं. विहारात माणसं मावत नव्हती. मुंबईची मंडळी आली होती, लांज्याकडची गावकी आली होती, आपल्या शेडमधली सगळी पोरं मागच्या भिंतीला टेकून उभी होती. मी उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "श्रीधर भावजी कामावर वेळेवर यायचे." एवढं बोलून खाली बसले. लोकांना वाटलं असेल, रडू आवरेना म्हणून बसली. तसं काही नव्हतं. रडू आलंच नव्हतं. दुसरं वाक्य सुचलं नाही, इतकंच.

आणि जे बोलले तेही धड खरं नव्हतं. तुम्ही वेळेच्या आधी यायचात. शेडचं कुलूप काढून, दिवे न लावता, लेथपाशी स्टुलावर चहा पीत बसलेले असायचात. मी आत आले की म्हणायचात, "आलात? मला वाटलं, आज दांडी." इतकी वर्षं रोज हाच विनोद, आणि मी एकदाही हसले नाही. मी दांडी मारलीच नव्हती कधी, मग हसायचं कशाला?

तुम्ही गेलात ते ओटीवर बुटाची नाडी बांधताना. तुमच्या बायकोने, नंदाने हाक मारली तेव्हा मी शेजारच्या घरातून पदराला हात पुसत आले, आणि मला वाटलं नाडीची गाठ सुटत नाहीये. तशा वाकलेल्या अवस्थेतच होतात. त्यानंतर माणसं आली, गाडी आली, सगळं झालं. मी चहा केला, सतरंज्या आणवल्या, कुणाला कुठल्या गाडीतून न्यायचं ते सांगितलं. सगळे म्हणाले, वहिनींनी धीराने घेतलं. धीर वगैरे काही नव्हता भावजी. पाय झोपेत मुंग्या येऊन जड व्हावा, आपलाच आहे की दुसऱ्याचा ते कळू नये, तशी सगळीच्या सगळी मी झाले होते. अजूनही आहे.

म्हणून लिहायला बसले. विहारात जे बोलायचं होतं ते इथे तरी बोलावं.

सभा संपल्यावर मुंबईच्या एका पाहुण्याने मला विचारलं, "पण नेमकं काय बनवता हो तुम्ही?" तुम्ही असतात तर त्याला शेडवर नेलं असतंत आणि त्याची गाडी त्याच्याचकडून उचलून घेतली असतीत. मी आपलं तोंडाने सांगितलं. तेलाच्या दाबावर चालणारी हत्यारं बनवतो. एका माणसाने हाताने पंप मारायचा आणि समोरचं शंभर टनाचं धूड उचलायचं, गंजलेला नट फोडायचा, घट्ट बसलेला बेअरिंग ओढून काढायचा. गाडीच्या टायरात दोन-अडीच बार हवा असते, आमच्या नळीत सातशे बारचं तेल असतं. पाहुणा "अरे वा" म्हणाला आणि जेवायला गेला. त्याला पुढचं सांगायचं राहिलं.

पुढचं म्हणजे खरं तर मागचं. ठाण्याचा कारखाना बंद पडला आणि तुमचे दादा मला घेऊन रत्नागिरीला आले, तेव्हा त्यांच्याकडे पान्यांची एक पेटी होती आणि डोक्यात जॅक. तुम्ही आयटीआयमधून टर्नर होऊन गॅरेजमध्ये लागला होतात. कोकणात रेल्वेचे बोगदे खोदणं चाललं होतं, आणि ठेकेदारांचे परदेशी जॅक आपल्या तांबड्या मातीत पटापट बसत होते. ते दुरुस्त करायला इथे कुणी नव्हतं. मुंबईला पाठवायचे, आणि ते येईपर्यंत काम खोळंबायचं. पहिला जॅक तुम्ही दोघांनी माझ्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर उघडलात, कारण घरात तेवढीच एक जागा सपाट होती. खाली वर्तमानपत्रं घातली होतीत तरी तेल मुरलंच. मी चिडले. तुम्ही म्हणालात, "वहिनी, ह्यात चिखल शिरलाय, तुमच्या कोब्यात तेल शिरलं. फिटंफाट." दादा हसले. ते मोठ्याने फारसे हसत नसत, म्हणून लक्षात राहिलं.

दुरुस्त्या करता करता तुम्हाला वाटायला लागलं, आपणच का करू नये? आपला स्वतःचा पहिला जॅक मागच्या अंगणात, जुन्या गर्डरच्या चौकटीत लावून तपासलात. उचलला त्याने भार. तुम्ही टाळी वाजवलीत. दादा मात्र उकिडवे बसून बघत राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "बसतोय रे." जॅक केसाकेसाने खाली येत होता. डोळ्यांना दिसतही नव्हतं, पण येत होता. सगळं खोलून पुन्हा. पुन्हा बसला. पाऊस संपून आंब्याला मोहोर आला तरी तुमचं तेच चाललेलं. सिलिंडरची आतली बाजू तुम्ही इतक्या वेळा घासलीत की दादा म्हणाले, आता ह्यात दाढी करता येईल. आणि एका दुपारी जॅक भार घेऊन उभा राहिला तो संध्याकाळपर्यंत हलला नाही. तुम्ही दोघं त्याच्यासमोर बसून होतात. मी दोन वेळा जेवायला बोलावलं.

पण आपल्याला नाव दिलं ते मिरकरवाड्याच्या मच्छीबंदराने. बोटीचा पंखा शाफ्टवरून काढायचा म्हणजे तिथे घण आणि जाळ. तापवायचा आणि हाणायचा. पंखा वाकायचा, कधी शाफ्ट वाकायचा, कधी माणसाचा हात. तुम्ही पंखा ओढायचं हत्यार बनवून नेलंत, तीन पायांचं, मधोमध सिलिंडर. मीही आले होते डबा घेऊन. याकूबचाचा, तिथले जुने मेकॅनिक, ते हत्यार बघून म्हणाले, "पोरांनो, पंख्याला घण लागतो, ही पिचकारी नाय." तुम्ही पंप मारायला लागलात. काहीच होत नव्हतं. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चढत होता आणि पंखा ढिम्म. चाचांनी विडी पेटवली. आणि मग धाड! असा आवाज झाला की धक्क्यावरचे कावळे उडाले. पंखा सुटला होता. दादांनी नटाचे दोन आटे मुद्दाम ठेवले होते म्हणून तो जागीच अडकला, नाहीतर तुमच्या अंगावर आला असता. घाबरून मागे उडी मारलीत ती सरळ माझ्या डब्यावर. चाचांनी वाकून शाफ्टवरून बोट फिरवलं, एक ओरखडा नव्हता. म्हणाले, "जॅकवाले, उद्या परत या." त्या दिवसापासून आपण जॅकवाले. एमआयडीसीत गाळा मिळाला, दारावर मोठा बोर्ड लागला, त्यावर दुसरंच नाव आहे, ते आजही कुणी घेत नाही.

मग दादा गेले. ते आठवत बसत नाही. एक आठवतं. माणसं माझ्या पुढ्यातच बोलत होती की हिला आता गावाला पाठवावं, तिकडे घर आहे, शेत आहे, एकटी बाई इथे काय करणार?  सगळे गेल्यावर तुम्ही आलात, चपला न काढता दारातच उभे राहिलात आणि म्हणालात, "वहिनी, उद्यापासून शेडवर या. गेज वाचायला माणूस नाही."

माणूस होता. अशोक होता, तो दादांच्या वेळेपासून गेज वाचत होता. मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत होतं. मी दहावी झालेली बाई, मला दाब म्हणजे कुकरचा एवढंच ठाऊक. दुसऱ्या दिवशी आले. तुम्ही मला चाचणीच्या चौकटीसमोर उभं केलंत आणि म्हणालात, "काटा बघायचा. काटा पडला तर ओरडायचं. बाकी सगळं हळूहळू." बाकी सगळं खरोखर हळूहळू शिकवलंत. तेल अडवणारा सील कसा बसतो, पिस्टनला पडलेली रेघ नखाने कशी ओळखायची, कुठला आवाज चांगला आणि कुठला वाईट. शेडमध्ये पोरांसमोर मला कधी चुकीचं म्हणाला नाहीत. चुकले की घरी येऊन सांगायचात, नंदाच्या हातचा चहा पीत.

आणि मग ती नळीची दुपार. ती तुम्ही नेहमी हसत सांगायचात, मी कधीच सांगितली नाही.

पंप चालू होता आणि कुठूनतरी तेल गळत होतं. तुम्ही नळीवरून हात फिरवलात. सुईच्या टोकाएवढं छिद्र असणार. हात झटकलात आणि म्हणालात, "डास चावला." बोटावर एक ठिपका, रक्तसुद्धा नाही. भाकरी खायला बसलात. मी विचारलं, "दुखतंय?" म्हणालात, "दुखत नाही वहिनी. बधिर झालंय नुसतं." तेवढ्यावर मी तुमच्या पुढ्यातलं ताट उचललं. दादा ठाण्याच्या एका फिटरची गोष्ट सांगायचे. सातशे बारचं तेल कातडीतून आत जातं, आत पसरतं, आणि आधी काही कळतच नाही. त्या फिटरनेही जेवण केलं होतं. तुम्ही माझ्यावर चिडलात, "भाकरी तरी खाऊ द्या." मी गाडी काढायला लावली. इथल्या डॉक्टरांनी बोट एकदा बघितलं आणि कोल्हापूरची चिठ्ठी लिहिली. पुढे फोनही केला.

आंबा घाटात तुमचं दुखणं सुरू झालं. हात मनगटापर्यंत सुजला. तुम्ही टॉवेल तोंडात धरला होतात. एका वळणावर तो काढलात आणि मला म्हणालात, "दादाला सांगू नका."

दादांना जाऊन तेव्हा दोन पावसाळे झाले होते.

मी म्हणाले, "नाही सांगत."

अर्धं बोट गेलं, हात राहिला. सर्जन म्हणाले, वेळेवर आणलंत. परत आल्यावर तुम्ही पहिलं काम काय केलंत, तर प्रत्येक पंपाशेजारी एक पुठ्ठा टांगलात. गळती शोधायची ती पुठ्ठा फिरवून, हाताने नाही. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला उरलेलं अर्धं बोट दाखवायचात, "हा आमचा सूचनाफलक." पोरं हसायची, पण एकानेही पुन्हा नळीला हात लावला नाही. तुमच्या त्या बोटाबद्दल मी काही बोलले नाही कधी, आणि घाटातल्या त्या बोलण्याबद्दलही. तुम्हाला ते आठवत होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

आता भांडणाबद्दल. ते टाळून चालणार नाही.

पुण्याच्या त्या मोठ्या कंपनीला आपले जॅक हवे होते. बनवायचे आपण, रंग त्यांचा, नाव त्यांचं. तुम्ही फोनवर हो म्हणून मोकळे झालात आणि मग मला सांगितलंत. मी म्हणाले, "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालेच असते. माझ्या हाताखालून तपासून गेलेल्या जॅकवर दुसऱ्याचं नाव कशाला?"

"वहिनी, भार जॅक उचलतो, नाव उचलत नाही. आणि बाहेर गेलं की रत्नागिरी म्हटल्यावर लोक मला आंब्याच्या पेटीचा भाव विचारतात. जॅक कोण बघतो? दहा ठिकाणी दार उघडत नाहीत. त्यांच्या नावाने तरी आपलं काम बाहेर जाईल."

मी म्हणाले, "तुमचे दादा असते तर हे झालं नसतं."

तुम्ही हातातलं फडकं खाली ठेवलंत. "दादा असते तर तुम्ही अजून स्वयंपाकघरात असतात, वहिनी."

 अशोकने उगाच कॉम्प्रेसर चालू केला. त्यानंतर आपण कामापुरतं बोलत राहिलो. नळ्या आल्या का? आल्या. जयगड बंदराच्या कामाचे चार जॅक तपासून झाले का? झाले. तुमचा रोजचा विनोदही बंद झाला. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी निघताना मला म्हणालात, "गेजची काच पुसून घ्या, दिसत नाही नीट." हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी "हो" म्हणाले.

तुम्ही बोललात ते खरं होतं. मला लागलं ते खरं होतं म्हणूनच. दादांनी मला सुखात ठेवलं, पण शेडच्या दारातून आत कधी बोलावलं नाही. बोलावलंत तुम्ही. हे तुम्हाला सांगायचं मी मनात धरलं होतं. राग जरा निवला की सांगू, असं. राग निवतच आला होता.

जयगडचं काम ठरल्या दिवशीच झालं, हे तुम्हाला कळायला हवं. धक्क्यावरच्या क्रेनचा एक पाय उचलून खालचं चाक बदलायचं होतं, आणि जहाज यायच्या आत व्हायला हवं होतं. अजून घरात माणसं होती, जलदानाचा विधी व्हायचा होता. मुंबईचे काका म्हणाले, "आत्ता कुठे बाई घराबाहेर निघाली? सांगा त्यांना, पुढच्या आठवड्यात." मी बसूनच होते. नंदा आतून बाहेर आली. तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "अक्का, ह्यांनी शब्द दिलाय. तुम्ही जा." काकांकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

अशोक, दोन पोरं आणि मी गेलो. चार जॅक लावले, नळ्या जोडल्या, पुठ्ठा फिरवला. सगळे आपापल्या जागी उभे राहिले आणि कुणी काही करेना. मीही गेजवर डोळे ठेवून वाट बघत होते. मग लक्षात आलं, आपण सगळे तुमच्या आवाजाची वाट बघतोय. "हं, घ्या" म्हणायचात ना तुम्ही. अशोक पंपाचा दांडा धरून माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते. माझे नव्हते. मी म्हणाले, "घ्या."

काटा चढला. क्रेनचा पाय जमिनीवरून सुटला, खाली ठोकळे सरकवले, चाक निघालं, नवीन बसलं. काटा कुठेही पडला नाही. जॅक तुमच्या हातचे होते, केसाएवढेही बसले नाहीत. बंदरावरचे इंजिनीअर खूश झाले. निघताना त्यांनी सहज विचारलं, "श्रीधरसाहेब आले नाहीत आज?"

मी म्हणाले, "नाही. आज नाही आले."

अशोक दुसरीकडे बघायला लागला.  मी खोटं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. तोंडातून तेच निघालं.

पुण्याच्या कंपनीचा माणूस शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी भेटायला आला. भला माणूस आहे. कामाचा विषय त्याने काढला नाही, मीच काढला. म्हणाले, "भावजींनी तुम्हाला शब्द दिलाय, तो मी पाळीन. मोठे जॅक तुमच्या नावाने जातील. पंखा ओढायचं हत्यार मात्र आमच्याच नावाने राहील. ते बंदरावरच्या माणसांचं आहे, त्यांना दुसरं नाव कळायचं नाही." तो हो म्हणाला. नंदा शेजारीच बसली होती. तो गेल्यावर ती म्हणाली, "ह्यांना बरं वाटलं असतं." मी म्हणाले, "वाटलं असतं. पण मला अजूनही हे पटलेलं नाही." नंदा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, "तेही त्यांना माहीत असतं."

तर भावजी, भांडण मिटलं असं समजू नका. तुमची बाजूही आता मलाच मांडावी लागते, एवढंच. शेडमध्ये कधीकधी मी अशोकला काही सांगायला लागते आणि मध्येच कळतं की हे तुमचं म्हणणं आहे, माझं नाही.

इथवर लिहून कागद बाजूला ठेवला होता. पण आज सकाळी एक झालं, तेही सांगते.

तुमचा फोन नंदाने माझ्याकडे दिलाय, कामाचे फोन येतात म्हणून. सकाळी वाजला. हर्णैचा कुणी बोटवाला होता, नाव ओळखीचं नव्हतं. मागे वाऱ्याचा आवाज, इंजिनाची धडधड. म्हणाला, "श्रीधरशेट, पंख्याच्या जॅकचा सील गेलाय, तेल सुटतंय. एक ठेवा माझ्यासाठी, पोराला पाठवतो."

मी म्हणाले, "मी त्यांची वहिनी बोलतेय."

"बरं, वैनी. शेट कुठे आहेत?"

जयगडला जे तोंडातून गेलं होतं ते पुन्हा ओठावर आलं होतं. पण ह्या माणसाला सील हवा होता, आणि उद्या तो पुन्हा फोन करून शेटनाच मागणार होता. मी म्हणाले, "भावजी गेले."

 फोन कानापासून दूर धरून तो तिकडे कुणाला तरी म्हणाला, "अरे, जॅकवाले श्रीधरशेट गेले रे." तिकडून कुणीतरी विचारलं, "काय सांगतोस? कधी?" आणखी एकाने विचारलं, "कोण गेला?" आणि त्याला तिसऱ्याने सांगितलं. तुम्ही गेल्याची बातमी त्या बोटीवर एकाकडून दुसऱ्याकडे जात होती आणि मी ती इथे शेडमध्ये स्टुलावर बसून ऐकत होते, जशी काही मलाच आत्ता कळतेय.

मग मला रडू आलं. अशोक धावत आला, मला बघून दारातच थांबला, आणि पोरांना घेऊन बाहेर गेला. फोन कानालाच होता. किती वेळ रडले ते मला सांगता येणार नाही. त्या माणसाने फोन ठेवला नाही. वाऱ्याचा आवाज येत राहिला. माझं होईपर्यंत तो थांबला आणि मग हळूच म्हणाला, "सीलची घाई नाय, वैनी."